माजी सदस्य नाराज होतील म्हणून जुनी पद्धत चालू ठेवायची का?

*(मूळ पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते आहे.)*

पत्र लिहिणारा मुलगा मूळचा नाशिकचा. बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात गेला, आता तिसऱ्या वर्षात जातोय. पहिलं सेमिस्टर फार एकटं गेलं. दुसऱ्या सेमिस्टरला तिथल्या दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटीने (एकमेकांना 'भाऊ' मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने) त्याला 'बिड' म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण दिलं आणि तो आत गेला. त्यानंतरचे आठ आठवडे 'न्यू मेंबर प्रोसेस'चे होते. रात्री दोन वाजता पार्किंग लॉटमध्ये रांगेत उभं राहायचं, संस्थापकांपासून आजपर्यंतच्या सगळ्या सदस्यांची नावं क्रमाने म्हणायची, एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुश-अप्स मारायच्या. सीनिअर्सची किरकोळ कामं करायची. शेवटच्या रात्री 'फॅमिली'ची (एका साखळीतल्या जुन्या-नव्या सदस्यांची) दारूची बाटली असते, ती नव्या मुलाने संपवायची. "जबरदस्ती कुणी करत नाही," तो लिहितो, "पण नाही म्हणणारा मी अजून पाहिला नाही."

आता चॅप्टरने (फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेने) त्यालाच दोन पदं दिली आहेत. नव्या मुलांना तयार करायचं आणि माजी सदस्यांशी संपर्क ठेवायचा. त्याला हा रात्रीचा प्रकार बंद करायचाय. पण दरवर्षी 'फॉर्मल' म्हणजे मोठ्या पार्टीच्या कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या आणि नोकरीसाठी शब्द टाकणाऱ्या तीन माजी सदस्यांनी बजावलंय, "प्रोसेस बदललीत तर आम्हाला विसरा." चॅप्टर लहान आहे, पंचवीसेक मुलांचा. माजी सदस्यांच्या यादीत दीडशेच्या आसपास नावं आहेत, त्यातले बरेच ईमेल परत येतात. घरी यातलं काही माहीत नाही. आईबाबांना वाटतं, मुलगा 'इंडियन कल्चरल क्लब'मध्ये आहे.

त्याचा प्रश्न: "ताई, माजी सदस्य तुटले तर चॅप्टर संपेल. आणि आहे तसं चालू ठेवलं तर मला झोप लागत नाही. तसं पाहिलं तर मीही ते सगळं सोसलंय आणि माझे जिवाभावाचे मित्र त्यातूनच मिळाले. शिवाय बातम्यांत येतं तसलं भयंकर काही आमच्यात होत नाही, ते मोठ्या गोऱ्या फ्रॅट्समध्ये होतं. मी काय करावं?"

---

प्रिय मित्रा,

आधी त्या बाटलीचं बोलू. बाकीच्यावर ऊहापोह करता येईल, पण या एका गोष्टीवर चर्चा नको. ती या सेमिस्टरपासून बंद. गेल्या काही वर्षांत फ्रॅटर्निटीत जी मुलं दगावली, त्यातली कितीतरी नेमकी अशाच रात्री गेली. बिड मिळाल्याची रात्र, नाहीतर 'बिग' (जुना सदस्य) आणि 'लिटल' (त्याच्याकडे सोपवलेला नवा मुलगा) यांची जोडी जाहीर होण्याची रात्र. २०२१ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात वीस वर्षांचा एक मुलगा अशाच कार्यक्रमामुळे दगावला. तिथेही नव्या मुलाने बाटली संपवायची अशीच रीत होती. रीत होती म्हणूनच कुणाला ती जबरदस्ती वाटली नाही.

"जबरदस्ती कुणी करत नाही" हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस, म्हणून त्याबद्दलही सांगते. २३ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेत 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट' झाला. हेझिंग म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग. त्यातल्या व्याख्येप्रमाणे समोरचा मुलगा राजी होता की नव्हता याने काही फरक पडत नाही. झोपू न देणं, अती व्यायाम करायला लावणं, थंडीवाऱ्यात उभं करणं, दारू प्यायला लावणं ही उदाहरणं त्यात थेट दिली आहेत. तुमचा पार्किंग लॉट त्यात सरळ बसतो. हा कायदा कुणाला तुरुंगात टाकत नाही. तो विद्यापीठांना अशा प्रकरणांची नोंद ठेवायला आणि दोषी ठरलेल्या संस्थांची नावं जाहीर करायला लावतो. शिक्षा राज्याराज्यांच्या कायद्यांत आहेत, आणि कुणाला गंभीर इजा झाली तर काही राज्यांत तो 'फेलनी' म्हणजे मोठा गुन्हा ठरतो. तू एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. तुझ्यासोबतच्या, तिथेच जन्मलेल्या मुलाला जे प्रकरण वकिलाच्या फीवर निभावेल, ते तुला शिक्षण अर्धं टाकून घरी पाठवू शकतं. आणि 'न्यू मेंबर एज्युकेटर' या पदावर कागदोपत्री नाव तुझं आहे, त्या तिघांचं नाही.

आता "आमच्यात तसलं होत नाही" याबद्दल. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात झालेल्या अशाच विधीमुळे दगावला. संघटनेचं नाव पाय डेल्टा साय, आशियाई-अमेरिकन मुलांची फ्रॅटर्निटी. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वजनाची पिशवी, आणि वाटेत एकेकाने येऊन आडवं पाडायचं, असा तो विधी होता. मुलगा बेशुद्ध पडल्यावर त्याला दवाखान्यात न्यायला उशीर केला गेला. पुढे खटल्यात ज्युरीने त्या संघटनेलाच दोषी धरलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने तिला दहा वर्षांसाठी त्या राज्यातून बाहेर काढलं. ही मुलं गोरी नव्हती, श्रीमंतांच्या बंगल्यातलीही नव्हती. स्थलांतरितांची, आईबापांच्या अपेक्षा पाठीवर घेऊन आलेली, एकमेकांना धरून राहू पाहणारी पोरं होती. तुमच्यासारखीच.

इथवर मी कडक बोलले. आता जरा तुझ्या बाजूने बघू, कारण तुझ्या पत्रात मला एक खरी भीती दिसते आणि तिला हसण्यावारी नेणं बरोबर नाही. चॅप्टरमधली मुलं चार वर्षांत निघून जातात. मागच्या वेळी हॉल कुणी बुक केला, कुठल्या दुकानदाराने उधारी दिली, विद्यापीठाच्या ऑफिसात कुणाशी बोलायचं, हे सगळं दरवर्षी पुसलं जातं. जुन्या, मोठ्या फ्रॅटर्निटींनी यावर उपाय म्हणून माजी सदस्यांची रीतसर यंत्रणा उभी केली. बहुतेक ठिकाणी घर 'हाउस कॉर्पोरेशन'च्या मालकीचं असतं, ते माजी सदस्य चालवतात. सल्लागार असतो, सल्लागार मंडळ असतं, शिष्यवृत्तीसाठी वेगळं फाउंडेशन असतं. तुमच्यासारख्या लहान चॅप्टरकडे सहसा ना घर असतं, ना मंडळ. मग 'माजी सदस्य' म्हणजे जो व्हॉट्सॲपवर बोलतो तो.

आणि माझी पहिली शंका इथेच आहे. तू "माजी सदस्य तुटतील" असं लिहितोस. कोण तुटेल? तीन जण. यादी दीडशेची आहे. उरलेल्या जवळजवळ दीडशे जणांना ही प्रोसेस हवी आहे की नको, हे कुणी विचारलंय? तुझ्या पत्रात तरी त्यांच्यापैकी एकाचाही आवाज नाही. मला तर उलटा संशय येतो. त्या रात्री आठवल्या की आजही कसंसं होतं, म्हणून त्यातले काही कायमचे लांब गेले असतील. असे लोक भांडत नाहीत, पत्र लिहीत नाहीत, फक्त ईमेल बदलल्यावर नवा पत्ता कळवत नाहीत.

यातला विरोधाभास तुझ्या लक्षात आलाय का? तुमच्या नव्या मुलांना दीडशे जणांची नावं क्रमाने तोंडपाठ असतात. यातल्या एकालाही त्यांनी कधी फोन केलेला नसतो.

दुसरी शंका, त्या जिवाभावाच्या मित्रांबद्दल. तू म्हणतोस ते त्या रात्रींतून मिळाले. पण मैत्रीचं उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा तू वेगळंच लिहिलंस. फेब्रुवारीत तुला फ्लू झाला, तुझ्या 'बिग'ने बर्फात गाडी काढून अर्जंट केअरला नेलं, रात्री उशिरापर्यंत बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी युट्यूबवर बघून खिचडी करून आणली. हळद विसरला होता, असंही तू लिहिलंयस. हे कुठल्या प्रोसेसमध्ये होतं? श्रेय मात्र तू पार्किंग लॉटला देतोयस.

असं होण्यामागे एक कारण आहे. १९५९ मध्ये ॲरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात शिरण्याआधी काहींना फार लाजिरवाणं वाचन मोठ्याने करायला लावलं, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना तीच, मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसलं तिला ती रटाळ चर्चा जास्त छान वाटली. 'आम्ही सोसलं म्हणून आमचा गट भारी' या भावनेची ही मेख आहे. सोसल्यामुळे गट चांगला होत नाही, तो आपल्याला चांगला वाटायला लागतो. तीन माजी सदस्य जे जपायला निघालेत, ते कदाचित एवढंच आहे. त्यांना वाईट ठरवू नकोस. प्रोसेस बदलली तर आपण सोसलेलं फुकट गेलं असं त्यांना वाटणार, आणि हे माणसाला खरंच लागतं.

त्यांना विचारायला माझ्याकडे एक प्रश्न आहे. तुमच्या संस्थापकांना कुणी पार्किंग लॉटमध्ये उभं केलं होतं? दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी काही फार जुन्या नाहीत. आयोटा नू डेल्टा १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला सुरू झाली, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला, बीटा काय थीटा १९९९ मध्ये लॉस एंजेलिसला. पहिल्या बॅचला 'क्रॉस' म्हणजे पूर्ण सदस्य करून घ्यायला आधी कुणी होतंच कुठे? त्यांनी एकत्र येऊन फॉर्म भरले, घटना लिहिली, विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या. म्हणजे ज्यांची नावं तुम्ही सगळ्यात आधी पाठ करता, ते ही प्रोसेस न करताच 'ब्रदर' आहेत. १८२५ मध्ये युनियन कॉलेजात सुरू झालेल्या फ्रॅटर्निटीचे संस्थापक तसबिरीत आहेत. तुमचे पन्नाशीच्या आसपास आहेत, कुठेतरी गहाणखताचे हप्ते भरतायत आणि फोन उचलतात. तुमच्या चॅप्टरच्या पहिल्या बॅचमधले लोक तर आणखी तरुण असतील. त्यांच्यापासून सुरुवात कर.

आणि बदल करणारे तुम्ही पहिले नाही. लॅम्डा काय अल्फा या फ्रॅटर्निटीने 'प्लेज' म्हणजे उमेदवारीची पायरीच १९७२ मध्ये काढली. झीटा बीटा टाऊ ही मुळात ज्यू मुलांची फ्रॅटर्निटी, बाकीचे दारात उभं करत नव्हते म्हणून जन्माला आलेली. तिने १९८९ मध्ये काढली. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ मध्ये. नुसतं नाव बदलून हेझिंग थांबत नाही हेही खरं; काही चॅप्टरांत ते चोरून चालूच राहिलं. पण एक दिसलं की प्लेजची पायरी काढली म्हणून या संघटना बुडाल्या नाहीत.

आता पर्याय. पद सोडायचा विचार तू केलायस आणि 'मग दुसरा कुणी जास्त कडक येईल' म्हणून बाजूला ठेवलायस. सगळ्यांना वाचवायची जबाबदारी तुझ्या एकट्याची नाही. चॅप्टरमधले निदान पाच-सहा जण उघडपणे तुझ्या बाजूने नसतील, तर पद सोड आणि का सोडलं ते लेखी कळव. थेट तक्रार करायचा पर्यायही आहे. बाटली थांबत नाही असं दिसलं तर तो पर्याय राहत नाही, ते कर्तव्य होतं. पण आधी बोलून बदल करायला वाव आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं. रश म्हणजे नव्या मुलांची भरती सुरू व्हायला अजून वेळ आहे, तो वाया घालवू नकोस.

सगळ्यात आधी कागद काढ. बहुतेक विद्यापीठांत चॅप्टरला नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणाचा लेखी आराखडा ग्रीक लाइफच्या (फ्रॅटर्निटींवर देखरेख करणाऱ्या) ऑफिसात द्यावा लागतो. तुमचाही असेल. मी पैजेवर सांगते, त्यात पार्किंग लॉट नाही. 'इतिहासाची ओळख, अभ्यासाच्या सवयी, सेवा, नेतृत्व' असं काहीतरी गोंडस असेल. मीटिंगमध्ये तो कागद वाचून दाखव आणि म्हण, "आपण हे करतो असं आपण लिहून दिलंय. मला एवढंच करायचंय." सुधारक म्हणून उभा राहिलास तर वाद होतील. लिहून दिलेलं पाळू या, असं म्हणणाऱ्याशी वाद घालणं अवघड असतं.

मग काढलेल्या रात्रींच्या जागी काय आणायचं हे ठरव, कारण जागा रिकामी ठेवलीस तर जुनंच परत येऊन बसेल. मुलांना काहीतरी अवघड हवं असतं, यात त्यांचं चुकत नाही. फक्त ते अवघड काम जुन्या-नव्यांनी मिळून करायचं असावं. पुण्यातल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत राहिलेली माणसं तू नाशिकमध्येही पाहिली असशील. कितीही वर्षांनी भेटली तरी 'समितीचा का?' म्हणून पहिल्या भेटीत मोकळी होतात. तिथे कामं असतात, शिस्त असते, कमवा आणि शिका असतं, पण ते सगळ्यांनाच असतं. तुमच्याकडे करता येईल असं एक ठोस काम सांगते. अमेरिकेतल्या अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीत दक्षिण आशियाई लोक फार कमी आहेत, आणि जुळणारा दाता बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. दिवाळीच्या कार्यक्रमात नोंदणीचं टेबल लावायचं, दोनशे पोरांना गालाच्या आतून स्वॅब द्यायला राजी करायचं, फॉर्म नीट भरून घ्यायचे, परवानग्या काढायच्या. हे करून बघ म्हणजे नव्या मुलांत कोण किती पाण्यात आहे ते कळेल. (पुश-अप्स मारून नेतृत्व येत असतं तर तालमीतला प्रत्येक पोरगा आमदार झाला असता.)

पाठांतर हवंच असेल तर असं कर. प्रत्येक नव्या मुलाला दोन माजी सदस्य द्यायचे. त्याने त्यांना शोधायचं, वीस मिनिटं फोनवर बोलायचं आणि पानभर लिहून आणायचं: हे कोण, काय करतात, चॅप्टरमधलं काय कामी आलं, येणं का थांबलं. शेवटचा प्रश्न गाळू द्यायचा नाही. एका सेमिस्टरमध्ये तुझ्या यादीतले बरेच पत्ते आपोआप दुरुस्त होतील.

तू स्वतः आधी दहा फोन कर, आणि त्यात पैशाचा विषय काढू नकोस. माजी सदस्यांना दोनच गोष्टींसाठी आठवण करण्याची सवय लागली की ते नंबर बघूनच फोन ठेवतात: देणगी आणि नोकरीसाठी रेफरल. त्याऐवजी छोटं, ठरावीक काम माग. "आमच्या तिघांची अपार्टमेंटची लीज वाचून देशील का?" "ओपीटीचा (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचा) अर्ज अभ्यासक्रम संपायच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो म्हणतात, तू कधी केला होतास?" पस्तिशीतल्या माणसाकडे वेळ नसतो, पण आपल्याला ठाऊक असलेलं कुणी विचारलं तर अर्धा तास निघतो. यातून चार-पाच जण मिळाले की त्यांचंच सल्लागार मंडळ कर. वेगवेगळ्या बॅचचे घे, प्रत्येकाला एकेक काम दे. एक हिशेब बघेल, एक करिअर, एक नवी मुलं. त्या तिघांपैकीही एकाला घे. बाहेर ठेवलास तर तो बोलत राहील, आत घेतलास तर काम करावं लागेल.

त्या तिघांशी बोलणं टाळू नकोस, आणि व्हॉट्सॲपवर मुळीच करू नकोस. व्हिडिओ कॉल लाव, सोबत चॅप्टरचा अध्यक्ष आणि शक्य असेल तर पहिल्या बॅचमधला एखादा माणूस असू दे. सरळ सांग: "दादा, तुम्ही जे सोसलंत त्याचा अपमान करायचा नाही. पण उद्या काही झालं तर सही माझी आहे आणि व्हिसा माझा आहे. हे आम्ही बंद करतोय. नवं काय करतोय ते बघायला तुम्ही या." एवढ्यावर एखादा तुटला तर तुटू दे. फॉर्मल यंदा हॉटेलऐवजी विद्यापीठाच्या हॉलमध्ये करा. पंचवीस जणांचा चॅप्टर तीन जणांच्या चेकवर उभा असेल तर तो आजही डळमळीतच आहे.

तुझ्या स्वतःपुरतं एक काम. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत 'स्टुडंट लीगल सर्व्हिसेस' असते, तिथले वकील विद्यार्थ्यांना फुकट किंवा नाममात्र फीवर भेटतात आणि वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. आजवर जे झालं त्यात आणि आता या पदावर तुझी जबाबदारी किती, हे त्यांना विचार. ग्रीक लाइफच्या किंवा इंटरनॅशनल स्टुडंट्सच्या ऑफिसात जायच्या आधी इथे जा.

आणि आईबाबा. तू लिहिलंयस, "त्यांना फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते कळणार नाही." कळेल. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे त्यात. मुलाला कॉलेजच्या हॉस्टेलला पाठवणाऱ्या प्रत्येक घरात हा शब्द माहीत असतो. आई पहिला प्रश्न तोच विचारेल. "होतं आई, मी ते बंद करतोय," हे उत्तर रश सुरू व्हायच्या आधी देणं सोपं जाईल. तिला त्या खिचडीबद्दलही सांग, नाहीतर तिला वाटेल तू वाईट संगतीत पडलायस.

ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतायत आणि हे वाचून ज्यांनी फोन हातात घेतलाय, त्यांच्यासाठी थोडं. "सोडून दे" म्हणायची घाई करू नका, मुलगा सोडणार नाही, सांगायचं मात्र सोडेल. त्याला विचारा, तुमच्या चॅप्टरमध्ये तिशीच्या पुढचं कोण येतं आणि येऊन काय करतं? मुलांच्या परीक्षा, नोकऱ्या, पैशाचे हिशेब यांत लक्ष घालणारी मोठी माणसं आजूबाजूला असतील तर बरं लक्षण आहे. वर्षातून एकदा पार्टीला येऊन "आमच्या वेळी किती कडक होतं" एवढंच सांगणारे असतील तर काळजी करा. नव्या कायद्यामुळे विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल वेबसाइटवर लावावा लागतो, तो वाचा. सोबत मान्यताप्राप्त चॅप्टरांची यादीही बघा. मुलाच्या फ्रॅटर्निटीचं नाव दोन्हीकडे नसेल तर निर्धास्त होऊ नका. मान्यता गेलेले काही चॅप्टर कॅम्पसबाहेर भाड्याच्या घरात तसेच चालू राहतात, आणि तिथे ना सल्लागार असतो ना कुणाची देखरेख.